सामान्यांच्या घरातील व्हायोलिन : एक ऐतिहासिक मागोवा

महाराष्ट्राबाहेर राहावयास गेलेल्या मराठी माणसाने आपल्याबरोबर काय काय नेले याची यादी करावयाची झाल्यास गणेशोत्सव, नाटक आणि गाणे या तिहींना अग्रस्थान द्यावे लागेल. नव्याने निघालेल्या मंडळाला स्वतःची वास्तू नसते, कित्येकदा पुरेशा खुर्च्याही नसतात. परंतु बाजाची एक पेटी आणि तबल्याची जोडी कोठून तरी उभी राहतेच. या वाद्यांच्या शेजारी आपल्या मुलामुलींच्या हाती आता व्हायोलिनही दिसते, ही समाधानाची गोष्ट होय.

तथापि व्हायोलिन शिकू इच्छिणाऱ्या मुलाच्या पालकांपुढे एक अडचण हटकून उभी राहते. उत्तम नवे वाद्य मध्यमवर्गीय कुटुंबाच्या आवाक्याबाहेरचे असते; जे आवाक्यातले असते त्याच्या गुणांविषयी खात्री नसते; आणि जुने वापरलेले घ्यावे तर आपण फसविले जाऊ अशी धास्ती वाटते. प्रस्तुत लेखक वादक नव्हे. सरकारी नोकरी सांभाळून इतिहासाची आवड जोपासणारा एक रसिक, एवढीच त्याची पात्रता. परंतु या अडचणीचे उत्तर बऱ्याच अंशी इतिहासातच सापडते असे त्याला वाटते. म्हणून सुवर्णमहोत्सवाच्या या अंकात थोर वादकांच्या चरित्रांऐवजी त्या साध्या, स्वस्त, हातोहात फिरलेल्या व्हायोलिनचे चरित्र सांगावे असे योजिले आहे.

या प्रश्नाचे महत्त्व केवळ पैशापुरते नाही, हे आरंभीच सांगितले पाहिजे. व्हायोलिनला सतारीसारखे पडदे नसतात. स्वराची जागा बोटाने आणि कानाने शोधावी लागते. ज्या वाद्याच्या खुंट्या घसरतात, ज्याची घोडी वाकलेली आहे, ज्याच्या तारा पट्टीपासून नको तितक्या उंच आहेत, अशा वाद्यावर नवशिक्याने तासन्‌तास मेहनत केली तरी स्वर लागत नाही. जाणता वादक तो दोष वाद्याचा आहे हे क्षणात ओळखतो. दहा वर्षांचे मूल तो स्वतःचा मानते. आपल्याला कानच नाही असा समज करून घेऊन ते वाद्य बाजूला ठेवते, आणि आईवडिलांनाही ते पटते. एका चुकीच्या खरेदीने एका मुलाचे गाणे कायमचे थांबू शकते. याउलट, अगदी साधे परंतु नीट जुळविलेले वाद्य मिळाले तर तेच मूल पुढे जाते. वाद्याची किंमत किंवा त्यावरचे नाव यांपेक्षा त्याची अवस्था महत्त्वाची, हाच या इतिहासाचा निष्कर्ष आहे.

क्रेमोनाची कीर्ती

व्हायोलिनला आजचे रूप सोळाव्या शतकाच्या मध्यास उत्तर इटलीत प्राप्त झाले. क्रेमोना या गावी आंद्रेआ आमाती याने त्याची घडण निश्चित केली, आणि त्याच गावात १७३७ साली निधन पावलेल्या अंतोनिओ स्त्रादिव्हारीने ती पूर्णत्वास नेली. वरची फळी स्प्रूसची, मागची फळी व बाजू मेपलच्या, पट्टी आबनुसाची, आणि सारे सांधे सरसाने जोडलेले, ही रचना तेव्हापासून तत्त्वतः बदललेली नाही. स्त्रादिव्हारीने दीर्घ आयुष्यात हजाराहून अधिक वाद्ये घडविली. त्यांपैकी सुमारे साडेसहाशे आज अस्तित्वात आहेत. ती कोठे आहेत, कोणापाशी आहेत, याच्या तपशीलवार नोंदी झालेल्या आहेत. हे ध्यानात ठेवावयाचे कारण पुढे येईल.

राजेरजवाड्यांसाठी घडलेले हे वाद्य शेतकऱ्याच्या, शिक्षकाच्या, चर्चमधील वादकाच्या घरी पोहोचले ते मात्र क्रेमोनामुळे नव्हे. ते श्रेय तीन लहान गावांकडे जाते : जर्मनीतील सॅक्सनीमधले मार्कनॉयकिर्खेन, बव्हेरियातील मिट्टेनवाल्ड आणि फ्रान्समधले मिरकूर.

यांतील पहिल्याची कथा आपल्यासारख्या, गाव सोडून आलेल्या लोकांनी विशेष आवडीने वाचावी अशी आहे. सतराव्या शतकात बोहेमियातील प्रॉटेस्टंट कुटुंबांना धर्मछळामुळे देशत्याग करावा लागला. त्यांतील व्हायोलिन घडविणाऱ्या काही कारागिरांनी डोंगर ओलांडून मार्कनॉयकिर्खेन येथे आश्रय घेतला, आणि १६७७ साली त्यांच्यापैकी बारा उस्तादांनी आपली श्रेणी स्थापन केली. आपल्याकडे प्राचीन काळी तेली, विणकर, सोनार यांच्या श्रेणी असत, तशीच ही संघटना होती. निर्वासितांच्या या कसबातूनच पुढे साऱ्या जगाला व्हायोलिने पुरविणारा व्यवसाय उभा राहिला.

स्वस्ताईचे रहस्य श्रमविभागात होते. एका घरात फक्त मान व तिचे वळणदार टोक कोरले जाई, दुसऱ्यात मागच्या फळ्या, तिसऱ्यात वरच्या; कोणी केवळ खुंट्या कातावयाच्या, तर कोणी केवळ गज बनवावयाचे. सरहद्दीपलीकडील शोनबाख आणि आसपासच्या खेड्यांतील कुटुंबे हे सुटे भाग करून देत. मार्कनॉयकिर्खेनचे व्यापारी ते विकत घेऊन जोडून घेत, रोगण चढवून देशोदेशी धाडीत. व्यापारी श्रीमंत झाले, कारागीर बहुधा गरीबच राहिले. अमेरिकेशी होणारा व्यापार इतका वाढला की १८९३ साली या चिमुकल्या गावात अमेरिकेने आपली वकिलात उघडली. ती १९१६ पर्यंत चालू होती. टपालाने माल पाठविणाऱ्या अमेरिकन दुकानांच्या सूचिपुस्तकांत ही व्हायोलिने शिवणयंत्रे आणि घड्याळे यांच्या शेजारी छापलेली असत.

चिठ्ठी एकाची, घडण दुसऱ्याची

आता ज्या गोष्टीने सर्वांत अधिक लोक फसतात तिच्याकडे वळू. जुन्या व्हायोलिनच्या वरच्या फळीवरील नागमोडी छिद्रातून आत डोकावले असता पुष्कळदा एक पिवळसर चिठ्ठी दिसते, आणि तिच्यावर लॅटिनमध्ये स्त्रादिव्हारीचे नाव, क्रेमोना गाव व सतराशे कितीतरी साल छापलेले आढळते. ती पाहून घरातील मंडळींचे डोळे विस्फारतात. परंतु अशा चिठ्ठ्या कारखानदारांनी हजारोंच्या संख्येने छापून घेतल्या होत्या. सर्वच वेळी त्यांमागे फसवणुकीचा हेतू होता असेही नाही. हे वाद्य अमक्याच्या नमुन्यावर बेतलेले आहे एवढाच त्यांचा अर्थ व्यापाऱ्यांत समजला जाई. पैठणीच्या वळणाची साडी पैठणबाहेर विणली गेली म्हणून आपण तिला बनावट म्हणत नाही. मात्र ती पैठणची म्हणून पैठणच्या भावाने विकू लागले की प्रश्न निराळा होतो. अस्सल वाद्यांच्या नोंदी झालेल्या असल्याने, कोणा ओळखीच्या गृहस्थाच्या माळ्यावर अचानक खरे स्त्रादिव्हारी सापडण्याचा संभव जवळजवळ शून्य असतो.

त्याच चिठ्ठीवर कधी कधी खरी माहितीही असते. अमेरिकेने १८९० साली केलेल्या जकात कायद्याने आयात मालावर मूळ देशाचे नाव इंग्रजीत घालणे बंधनकारक झाले. त्यामुळे ज्या चिठ्ठीवर थोर इटालियन नावाखाली बारीक अक्षरांत इंग्रजीत ‘जर्मनी’ असे छापलेले असेल ते वाद्य बहुधा त्यानंतरचे समजावे. चेकोस्लोव्हाकियाचे नाव असेल तर ते १९१८ पूर्वीचे असणे शक्यच नाही, कारण ते राष्ट्रच त्या वर्षी जन्मास आले. आणि १९९२ च्या अखेरीस ते विभागले गेले. इतिहासाचे सामान्य ज्ञान बाजारात उपयोगी पडते ते असे.

भारतात आगमन

आपल्या देशात व्हायोलिन आले ते युरोपियनांबरोबर. गोव्यात पोर्तुगीज काळी चर्चशी संलग्न शाळांतून मुलांना स्वरलेखन व व्हायोलिन शिकविले जात असे. या परंपरेतून आलेल्या गोमंतकीय वादकांनी पुढे मुंबईच्या चित्रपटसंगीताचे वाद्यवृंद उभे केले. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस यांनी प्यारेलाल यांच्यासारख्या संगीतकारांना व्हायोलिनचे धडे दिले, ही गोष्ट सर्वश्रुत आहे.

दक्षिणेत या वाद्याने अधिक खोल मूळ धरले. मुत्तुस्वामी दीक्षितारांचे धाकटे बंधू बाळुस्वामी दीक्षितार (१७८६ ते १८५९) यांनी मद्रासेत एका युरोपियनाकडून व्हायोलिनची विद्या घेतली आणि ती कर्नाटक संगीताच्या साथीला लावली. त्याच सुमारास आपल्या तंजावरात दुसरे सरफोजी राजे (कारकीर्द १७९८ ते १८३२) यांच्या दरबारी देशी आणि पाश्चात्त्य अशा दोन्ही संगीतांना आश्रय होता. चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम आणि वडिवेलू हे सुप्रसिद्ध चार बंधू याच मराठी दरबारात वाढले. त्यांतील वडिवेलू पुढे त्रावणकोरास गेले. १८३४ साली महाराजा स्वाती तिरुनाळ यांनी त्यांना हस्तिदंती व्हायोलिन देऊन गौरविले. महाराष्ट्रापासून शेकडो कोस दूर राहिलेल्या मराठी राजघराण्याच्या छायेत या परदेशी वाद्याचे भारतीयीकरण घडावे, याचा आपणांस अभिमान वाटल्यास ते वावगे ठरू नये.

आपल्या वादकांनी वाद्याची घडण बदलली नाही, परंतु बैठक बदलली. मांडी घालून बसावयाचे, वाद्याचे एक टोक छातीशी व दुसरे पायाच्या घोट्यावर टेकावयाचे, म्हणजे डावा हात मींड व गमक यांसाठी मोकळा राहतो. तारा लावावयाच्या त्या षड्ज-पंचमाच्या जोड्यांनी. या साऱ्यासाठी निराळे वाद्य घडवावे लागले नाही, म्हणूनच मद्रासेतील १८४२ सालच्या मिस्क्विथ किंवा मुंबईतील १८६५ सालच्या फुर्तादोस यांच्यासारख्या दुकानांत येणारी परदेशी व्हायोलिने आपल्या संगीतालाही चालून गेली.

उत्तरेत सारंगी आधीपासून असल्याने व्हायोलिनचा प्रवेश उशिरा, विसाव्या शतकात झाला. विष्णु दिगंबर पलुस्करांच्या मुंबईतील गांधर्व महाविद्यालयात परूर सुंदरम अय्यर यांनी व्हायोलिन शिकविले. पुढे गजाननराव जोशी (१९११ ते १९८७), श्रीधर पार्सेकर, विष्णु गोविंद जोग (१९२२ ते २००४), दामोदर केशव दातार (१९३२ ते २०१८) या मंडळींनी त्याला ख्यालाच्या तोडीची प्रतिष्ठा मिळवून दिली. जोगांचे आयुष्य तर लखनौ आणि कलकत्ता येथे गेले. महाराष्ट्राबाहेर राहून भारतीय कीर्ती मिळविता येते याचा तो जिवंत दाखला होता.

युद्धे आणि नवे पुरवठादार

पहिल्या महायुद्धात जर्मन माल बंद झाला, तेव्हा ती उणीव जपानने भरून काढली. नागोया येथील मासाकिची सुझुकी हा शामिसेन या जपानी तंतुवाद्याच्या कारागिराचा मुलगा. त्याने १८८० नंतरच्या दशकात एक परदेशी व्हायोलिन पाहून आपले पहिले व्हायोलिन घडविले आणि पुढे मोठा कारखाना उभारला. त्याचा पुत्र शिनिची सुझुकी (१८९८ ते १९९८) याने तीन-चार वर्षांच्या बालकांनाही व्हायोलिन शिकविण्याची पद्धत जगभर रूढ केली. अर्ध्या, पाव आणि त्याहूनही लहान मापांच्या वाद्यांना जी मोठी मागणी आली तिचे बरेचसे श्रेय या पद्धतीला आहे.

दुसऱ्या महायुद्धानंतर शोनबाखच्या जर्मन भाषिक कारागिरांना घरे सोडावी लागली. त्यांतील अनेकांनी १९४९ च्या सुमारास बव्हेरियातील बुबेनरॉइट या खेड्यात पुन्हा आपले ठोकळे आणि पटाशा मांडल्या. जी कला निर्वासितांनी रुजविली तिला दुसऱ्यांदा निर्वासित व्हावे लागले, आणि दुसऱ्यांदा ती तगली. भारतात उत्तर प्रदेशातील रामपूर येथे आणि कलकत्त्यात व्हायोलिने बनू लागली. विसाव्या शतकाच्या अखेरीस चीनने, विशेषतः जिआंग्सू प्रांतातील ह्वांगच्याओसारख्या गावांनी, जगाची बाजारपेठ काबीज केली. नवशिक्याला आज मिळणारे स्वस्त व्हायोलिन बहुधा या परंपरांपैकी एकीचे अपत्य असते.

जुने वाद्य पाहावे कसे

या इतिहासातून ग्राहकाने कोणता बोध घ्यावा? प्रथम, चिठ्ठी वाचून झाल्यावर तिच्यापायी एक पैसाही अधिक देऊ नये. दुसरे, कारखान्यात झालेले म्हणून वाद्यास हिणवू नये. सुटे भाग जोडून केलेली अनेक जुनी जर्मन वा चेक व्हायोलिने विद्यार्थ्यास वर्षानुवर्षे पुरेशी ठरतात. अगदी हलक्या प्रतीची ओळख मात्र ठेवावी : कडेने जाणारी काळी दुहेरी रेघ लाकडात बसविलेली नसून नुसती रंगविलेली असते, आणि पट्टी आबनुसाची नसून साध्या लाकडाला काळा रंग दिलेला असतो. तारांखाली पट्टी झिजून पांढुरके लाकूड दिसू लागले की हे उघड होते.

त्यानंतर मोडतोड पाहावी. व्हायोलिनच्या पोटात, घोडीच्या एका पायाजवळ, दोन फळ्यांमध्ये नुसत्या दाबाने उभा राहिलेला एक बारीक खांब असतो. इटालियन लोक त्याला ‘आनिमा’ म्हणजे आत्मा म्हणतात. हा खांब पडला असेल तर घाबरण्याचे कारण नाही, कारागीर तो पुन्हा उभा करतो. मात्र तोपर्यंत तारा ताणू नयेत. परंतु खांबाच्या नेमक्या जागी मागच्या फळीला उभी चीर गेली असेल तर ते वाद्य सोडून द्यावे. तिची दुरुस्ती वाद्याच्या किमतीहून महाग पडते. मान उखडलेली किंवा पुढे झुकलेली असणे आणि लाकडात किड्याने पाडलेली बारीक भोके असणे, हेही तितकेच गंभीर समजावे.

याउलट काही दोष दिसावयास भयंकर, पण बरे करावयास सोपे असतात. सरसाचे सांधे दमट हवेत सुटतात. दिल्लीच्या कोरड्या उन्हाळ्यातून कलकत्त्याच्या पावसाळ्यात बदली झाल्यास माणसाप्रमाणे वाद्यही कुरकुर करते. कडेकडेने बोटाच्या पेराने हलके टिचकावे. जेथे पोकळ, खुळखुळणारा आवाज येईल तेथे सांधा सुटला आहे असे समजावे. तो पुन्हा सरसानेच जोडून घ्यावा. बाजारी गोंद वापरलेले वाद्य पुढे उघडताना फळी फुटते. घसरणाऱ्या खुंट्या, वाकलेली घोडी, गंजलेल्या तारा या बाबी थोडक्या खर्चात नव्या होतात.

गजाकडे दुर्लक्ष करू नये. फ्रान्स्वा तूर्त याने अठराव्या शतकाच्या अखेरीस गजाला आजचा आकार दिला आणि त्यासाठी ब्राझीलमधील पर्नाम्बुको लाकूड रूढ केले. त्या लाकडाच्या व्यापारावर २००७ पासून आंतरराष्ट्रीय निर्बंध आहेत. नवशिक्याला त्याची गरजही नाही. काचतंतूचा अथवा कार्बनतंतूचा साधा गज पुरतो. एक डोळा मिटून काठीवरून नजर टाकावी. ती बाजूला वाकडी नसावी, मधोमध तिचा बाक केसांच्या दिशेने असावा, आणि टोकाचा स्क्रू फिरविल्यावर केस सहज ताणले जावेत.

खरेदीच्या वेळी शिक्षकांना बरोबर न्यावे आणि प्रत्येक तार खालपासून वरपर्यंत वाजवून घ्यावी. ठरविलेल्या रकमेपैकी निदान तिसरा हिस्सा नव्या तारा, घोडी, राळ आणि कारागिराची मजुरी यांसाठी राखून ठेवावा. जुन्या वाद्याचे सारे पैसे विक्रेत्याला देऊन जो घरी येतो, त्याचे वाद्य पुष्कळदा पेटीतच राहते.

मंडळापुढे एक सूचना

मापाचा प्रश्न शेवटी राहतो. हात लांब करून वाद्य धरले असता बोटे टोकाच्या वळणाभोवती सहज वळली पाहिजेत. त्यासाठी लहान मुलांना पाव, अर्धे, पाऊण अशी मापे लागतात, आणि मूल वाढत जाते तसतशी ती निरुपयोगी होतात. मोठे होईल तेव्हा पुरेल म्हणून घेतलेले पूर्ण मापाचे वाद्य सात वर्षांच्या मुलाचा खांदा दुखविते व हात बिघडविते. एकट्या कुटुंबाने दर दोन-तीन वर्षांनी नवे माप घेणे परवडत नाही, आणि आधीचे वाद्य कपाटावर धूळ खात पडते.

आपल्या सभासदांच्या घरी अशी किती लहान व्हायोलिने पडून असतील? पन्नासाव्या वर्षात पदार्पण करताना मंडळाने ती गोळा करावीत, जाणत्या कारागिराकडून नीट करून घ्यावीत, आणि ग्रंथालयातील पुस्तकांप्रमाणे अल्प अनामत घेऊन विद्यार्थ्यांस द्यावीत. बदली झालेल्या कुटुंबाने वाद्य परत करावे, आलेल्या कुटुंबाने ते न्यावे. वर्षातून एकदा पावसाळा संपल्यावर सर्व वाद्यांची तपासणी व्हावी. यास मोठा निधी लागत नाही. एक कपाट, एक वही आणि दोन उत्साही सभासद पुरेत.

ज्या वाद्याला निर्वासितांनी घडविले, व्यापाऱ्यांनी खोट्या नावाने विकले आणि आपल्या पूर्वसूरींनी मांडी घालून आपलेसे केले, ते या मार्गाने आपल्या मुलांपर्यंत अल्प मोलात आणि चांगल्या अवस्थेत पोहोचावे, एवढीच अपेक्षा. मंडळाचे कार्यकारी सभासद या सूचनेचा विचार करतील अशी आशा बाळगून, आणि सर्व बालवादकांस मनःपूर्वक शुभेच्छा देऊन हा लेख पुरा करतो.